तेजो नदीच्या पलीकडे



माझे अब्बा उर्दूचे शिक्षक. मुंबईच्या पलीकडे ते कधी गेले नाहीत. पण ‘अंदलुस’ हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज असा जड व्हायचा, जणू तिथली जमीन आमच्याच घराण्याची होती आणि कुणीतरी खोटे कागद करून ती लाटली. अल्लामा इक्बाल 1933 मध्ये कुर्तुब्याच्या मशिदीत गेले आणि त्या मशिदीवर त्यांनी नज्म लिहिली, हे ते दरवर्षी वर्गात सांगायचे आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसायचे. आम्ही भावंडे हे ऐकत वाढलो. अंदलुस म्हणजे जे आपले होते आणि गेले, एवढाच धडा मनात पक्का झाला.

2024 च्या उन्हाळी सुट्टीत धाकट्या बहिणीने लिस्बनला बोलावले. मेहुणे तिथे नोकरीला आहेत. मी लगेच कुर्तुबा, ग्रॅनाडा अशी यादी काढली. ती हसून म्हणाली, “आपा, तिथे सगळी दुनिया जाते. अंदलुसचा एक कोपरा पोर्तुगालातही आहे. चार दिवस गाडीने फिरू, तो बघा.” त्या कोपऱ्याचे नाव आलेंतेजो.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई घरी आली. मुलगा बारावी होऊन घरी बसलेला. एका एजंटाने त्याला पोर्तुगालमध्ये शेतावर काम मिळवून देतो, टूरिस्ट व्हिसावर जायचे, पुढचे कागद तिथेच होतात, असे सांगून आठ लाख मागितले होते. दोन तिच्या दागिन्यांचे, बाकीचे व्याजाने. “टीचर, तुम्ही तिकडेच चाललात ना? जरा डोळ्यांनी बघून या आणि मला खरे काय ते सांगा,” ती म्हणाली.

अशी दोन ओझी घेऊन मी निघाले. एक अब्बांचे, एक या माउलीचे. ती दोन्ही एकाच जागी उतरतील, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

बुचाची झाडे आणि नऊ वर्षांचा हिशेब

आलेंतेजो या नावाचा अर्थच ‘तेजो नदीच्या पलीकडे’. लिस्बनहून पूल ओलांडला की तासाभरात घरे विरळ होतात आणि हलक्या चढउतारांचे मैदान सुरू होते. क्षेत्रफळाने हा देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, पण माणसे फार थोडी. मैलोन्मैल पिवळे पडत चाललेले गवत, त्यात लाल खसखशीची फुले आणि अंतर राखून उभी असलेली बुटकी, गडद हिरवी झाडे.

ही झाडे म्हणजे कॉर्क ओक. आपल्याकडे ज्याला बुचाचे झाड म्हणतात, त्या पांढऱ्या सुवासिक फुलांच्या झाडाशी यांचा संबंध नाही. यांची साल म्हणजेच खरे बूच. जगातल्या बुचापैकी निम्म्याच्या आसपास पोर्तुगालातून येते आणि त्यातला मोठा वाटा या मैदानाचा. शाळेतल्या ज्या फळ्यावर आपण टाचणीने सूचना टोचतो, तो फळाही याच सालीचा.

झाड पंचवीस वर्षांचे झाल्याशिवाय साल काढत नाहीत. नंतर दर नऊ वर्षांनी एकदाच, उन्हाळ्यात, कुऱ्हाडीने. घाव असा घालायचा की साल सुटली पाहिजे, पण आतल्या खोडाला जखम होता कामा नये. ज्या वर्षी साल काढली, त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. मी ‘5’ आकड्याची झाडे पाहिली. म्हणजे 2015 ची. यंदा पुन्हा त्यांची पाळी होती. पहिल्या सालीला भाव नसतो, चांगला माल तिसऱ्या खेपेला मिळतो. म्हणजे झाड लावणाऱ्याने चाळीसएक वर्षे थांबायचे. लावतो आजोबा, कमावतो नातू. हे वाटेतच दहावीच्या मुलांसाठी वहीत टिपून घेतले.

शहराच्या शिक्क्यावर दोन शिरे

पहिला मुक्काम एवोरा. तटबंदीच्या आत वसलेले हे पांढरेशुभ्र शहर 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. घरांना चुना आणि पायथ्याशी पिवळा किंवा निळा पट्टा, आपल्याकडे गेरूचा ओढतात तसा. मध्यभागी रोमन काळातले मंदिर आहे. त्याचे उंच खांब अजून उभे आहेत. या मंदिरात नंतर कित्येक शतके चक्क खाटीकखाना होता, आणि कदाचित वापरात राहिले म्हणूनच ते टिकले. सोळाव्या शतकातला पाणी आणणारा दगडी जलमार्ग शहरात शिरताना उतरत जातो, तिथे त्याच्या कमानींमध्ये लोकांनी घरे बांधली आहेत. 1559 मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठाचे वर्ग मला फार आवडले. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्स, आणि त्या त्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयाची चित्रे त्यांवर रंगवलेली. फळा पुसला तरी भिंत शिकवत राहते!

एका चर्चला लागून हाडांची खोली आहे. सुमारे पाच हजार माणसांच्या कवट्या आणि हाडे भिंतीत चिणलेली. आम्ही इथे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत, अशा अर्थाचा मजकूर दारावर कोरला आहे. कब्रस्तानाच्या दारातून जाताना आपण जी आठवण मनाशी जागवतो, तीच ही.

पण एवोराने मला अडवले ते दुसरीकडे. मुख्य चौकाला ‘जिराल्दो’चे नाव आहे. या योद्ध्याने 1165 मध्ये मुसलमानांच्या हातून हे शहर घेतले. तेव्हा त्याचे नाव ‘याबुरा’ होते. शहराच्या राजचिन्हात हा जिराल्दो घोड्यावर बसलेला आहे आणि त्याच्यासोबत दोन कापलेली शिरे आहेत, एक मुसलमान पुरुषाचे आणि एक स्त्रीचे. हे चिन्ह शहरात जागोजागी दिसते. लहान मुले त्याच्याखाली फुटबॉल खेळत होती. कुणाच्याही मनात काही नव्हते. पण माझे लक्ष त्या बाईच्या शिरावरून हटेना. मी डोक्यावरची ओढणी नकळत नीट केली.

आणखी एक गोष्ट. पोर्तुगालमधले इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची झडती घेणारे न्यायालय, 1536 मध्ये सुरू झाले आणि त्याचे एक पीठ याच शहरात होते. तीच यंत्रणा 1560 मध्ये आपल्या गोव्यात पोहोचली आणि तिने तिथल्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि नवख्रिस्ती अशा सगळ्यांनाच छळले. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी ह्यांना म्हणाले, “अब्बा बरोबर रडायचे.” हे काहीच बोलले नाहीत.

सरीद आणि असोर्दा

दुसऱ्या दिवशी बेजाकडे निघालो. वाटेत जेवायला थांबलो. या भागात मुसलमान प्रवाशाला जपून खावे लागते. डुकराचे मांस आणि दारू सर्वत्र, सूपातसुद्धा. विचारून घेण्यात लाज बाळगू नये. मासे, अंडी, ऑलिव्ह, चीज आणि भाज्या यांवर मात्र सुखाने निभावते.

बहिणीने ‘असोर्दा’ मागवले. गरीब शेतमजुरांचे हे जेवण. लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात ठेचायची, त्यावर ऑलिव्हचे तेल, मग उकळते पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. वर पाण्यात शिजवलेले अंडे. युरोपात कोथिंबीर अशी मुठीने क्वचितच वापरतात, इथे वापरतात. पहिल्याच घासाला मला दादीच्या हातची, रश्शात कुस्करलेली भाकरी आठवली.

मेहुणे म्हणाले, “या नावाचे मूळ ओळखा बघू.” मला जमेना. त्यांनी सांगितले, अरबीतला ‘सरीद’. रश्शात भिजवलेल्या भाकरीचे तेच अन्न, ज्याचा उल्लेख हदीसमध्ये येतो आणि जे आपल्या प्यारे नबी (स.) यांना आवडायचे. मी चमचा खाली ठेवला. आठशे वर्षांपूर्वी राज्य गेले. 1497 मध्ये मुसलमानांना देश सोडावा लागला. मशिदी राहिल्या नाहीत, अजान राहिली नाही. पण चुलीवरची एक वाटी राहिली, आणि ती रांधणाऱ्या बाईला ती कुठून आली हे ठाऊकही नाही.

मग आमचा खेळच सुरू झाला. तेलाला ‘आझैते’ म्हणतात, तो आपला ‘ज़ैत’. ऑलिव्हला ‘आझैतोना’, ते ‘जैतून’. शिंप्याला ‘आल्फायाते’, तो ‘खय्यात’. रहाटाला ‘नोरा’, तो ‘नाऊरा’. खेड्याला ‘आल्देया’, उशीला ‘आल्मोफादा’, तांदळाला ‘आर्रोझ’, साखरेला ‘आसूकार’, सगळे अरबीतून. ‘असे होवो’ म्हणताना ते ‘ओशाला’ म्हणतात, त्यातही अल्लाहची मर्जी दडलेली आहे. ग्वादियाना नदीच्या नावात ‘वादी’ आहे, ओदेमिराच्या ‘ओदे’तही वादीच आहे.

या यादीकडे पाहून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. यात तख्ताचे आणि तलवारीचे शब्द फार थोडे आहेत. बहुतेक शब्द शेतकऱ्याचे, माळ्याचे, शिंप्याचे आणि स्वयंपाकघरातले. बेजा गावातच 1040 मध्ये अल-मुअतमिद जन्मला. तो इश्बिलियाचा, म्हणजे सेव्हिलचा राजा आणि मोठा कवी झाला, आणि 1095 मध्ये मोरोक्कोत कैदेत, कंगाल अवस्थेत वारला. बेजात त्याची खूण शोधावी लागते. रहाटाची आणि भाकरीची खूण शोधावी लागत नाही.

उलट दिशेनेही हेच झाले. पोर्तुगीजांच्या तोफा गेल्या आणि आपल्या मराठीत काय उरले? पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, इस्त्री, घमेले, लिलाव. आणि पगार!

मेर्तोला: एका छताखाली

तिसऱ्या दिवशी सकाळी मेर्तोला. ग्वादियाना नदीच्या वळणावर उंच खडकावर चढत गेलेले छोटेसे गाव. समुद्रातून वर येणारी गलबते इथपर्यंतच पोहोचायची, म्हणून रोमन काळापासून ते व्यापाराचे बंदर होते. किल्ल्याखाली एक पांढरे चर्च आहे. बाहेरून नेहमीसारखेच. आत पाऊल टाकले आणि मी उभी राहिले.

जवळजवळ चौकोनी दालन, खांबांच्या रांगा, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानींचे दरवाजे. आणि समोर, ख्रिस्ती वेदीच्या मागे, भिंतीत मेहराब! ही बाराव्या शतकातली मशीद. 1238 मध्ये गाव ख्रिस्ती सरदारांकडे गेले आणि तिचे चर्च झाले. छत सोळाव्या शतकात बदलले. पण मेहराब राहिली. दारापाशी बसलेल्या वृद्ध बाईने माझी ओढणी पाहिली, उठून हात धरला आणि आम्हाला मेहराबीजवळ नेऊन बोटाने दाखवले. भाषा कळत नव्हती, तरी एवढे समजले की ही गोष्ट तिला लपवायची नव्हती.

चर्चच्या वरच्या अंगाला उत्खनन झाले आहे. पुरातत्त्वज्ञ क्लाउदियो तोर्रेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये हे काम हाती घेतले. तिथे मुसलमानी काळातली वस्ती सापडली. छोटी छोटी घरे, मध्ये अंगण, बाजूला चूल आणि संडास. त्या घरांच्या खाली सहाव्या शतकातले ख्रिस्ती बाप्तिस्म्याचे कुंड आणि जमिनीवरची रंगीत चित्रे निघाली. आणि ती वस्ती उठल्यावर त्याच जागेवर ख्रिस्ती कब्रस्तान झाले होते. म्हणजे खाली ते, मध्ये आपण, वर पुन्हा ते. जमिनीने कुणालाच शेवटचा मालक मानलेले नाही.

सापडलेली भांडी गावातल्याच संग्रहालयात ठेवली आहेत. तिथे मला राजाचा मुकुट दिसला नाही. दिसल्या थाळ्या, दिवे, सुरया. गावात बायकांचे एक छोटे विणकाम केंद्र आहे. तिथे हातमागावर लोकरीची घोंगडी विणतात आणि त्यांवरची नक्षी उत्तर आफ्रिकेतल्या नक्षीची बहीण शोभेल अशी. दर दोन वर्षांनी मे महिन्यात गावात इस्लामी उत्सव भरतो आणि गल्ल्यांवर कापडी छत घालून मोरोक्कोसारखा बाजार मांडतात. आमचे वर्ष त्याचे नव्हते.

किल्ल्याजवळ घोड्यावर बसलेला एक पुतळा आहे. एवोराच्या अनुभवाने मी जरा धसकतच जवळ गेले. नाव वाचले: इब्न कसी. हा मेर्तोल्याचा सूफी विचारवंत. त्याने 1144 मध्ये तिथल्या राज्यकर्त्यांविरुद्ध उठाव केला आणि काही काळ सत्ता चालवली. नंतर त्याने ख्रिस्ती राजाशी मैत्री केली, म्हणून 1151 मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला मारले. एका ख्रिस्ती गावाने आपल्या किल्ल्यापाशी एका मुसलमानाला घोड्यावर बसवले आहे!

दोनच दिवसांत दोन घोडेस्वार पाहिले. एकाच्या सोबत कापलेली शिरे, दुसरा आपल्याच गावाचा पूर्वज म्हणून उभा. इतिहास तोच, प्रदेश तोच. काय आठवायचे आणि कसे आठवायचे, हे मात्र माणसे ठरवतात. हे तिकडच्या लोकांना लागू आहे तसे आपल्यालाही, आणि आपल्या महाराष्ट्रालाही.

चर्चमध्ये नमाज पढण्याचा विचार मनात आला, नाही म्हणत नाही. पण आज ती दुसऱ्यांची इबादतीची जागा आहे. आम्ही खाली नदीकाठी जैतुनाच्या झाडाखाली चादर अंथरली आणि जोहरची कसर नमाज अदा केली. दुआसाठी हात उचलले तेव्हा अब्बा आठवले. ते आता नाहीत. रडू आले, पण ते हरवलेल्या राज्यासाठी नव्हते.

सिनेशचा मुलगा

मेर्तोल्याहून पश्चिमेला, समुद्राकडे. सिनेश हे बंदर. इथल्या छोट्या किल्ल्याच्या बाजूला समुद्राकडे पाहणारा पुतळा आहे वास्को द गामाचा. तो याच गावचा. त्याचे वडील या किल्ल्याचे अधिकारी होते आणि त्यांच्या हुद्द्याचे नाव होते ‘आल्काइदे’, म्हणजे अरबीतला ‘अल-काइद’!

मी दरवर्षी शिकवते: 1498, वास्को द गामा, कालिकत. पण तारखा शेजारी शेजारी कधी ठेवल्या नव्हत्या. राजा मानुएलने डिसेंबर 1496 मध्ये हुकूम काढला की ज्यू आणि मुसलमानांनी देश सोडावा, आणि मुदत 1497 च्या ऑक्टोबरपर्यंत दिली. त्याच 1497 च्या जुलैत त्याच राजाची जहाजे घेऊन गामा निघाला. घरातून ज्यांना काढले, त्यांच्याच भाईबंदांच्या समुद्रात तो शिरला. कालिकतला उतरलेल्या त्याच्या माणसाला पहिल्यांदा भेटले ते ट्यूनिसचे दोन मुसलमान, आणि ते स्पॅनिश बोलत होते. दुसऱ्या सफरीत, 1502 मध्ये, याच गामाने मलबारच्या किनाऱ्याजवळ मक्केहून परतणाऱ्या हाजींचे जहाज बायकामुलांसकट जाळले. 1524 मध्ये तो कोचीनला मेला. त्याचे अवशेष पुढे आलेंतेजोतल्याच विदिगेरा गावी नेले, आणि आता ते लिस्बनला आहेत.

हे सगळे मी वर्गात सांगणार. पण त्यासोबत असोर्दाही सांगणार.

प्लास्टिकखालची माणसे

सिनेशच्या दक्षिणेला किनारा फार देखणा आहे. काळे-तांबडे उंच कडे, खाली अटलांटिकच्या लाटा, कड्यावरून जाणाऱ्या पायवाटा. सार्दाव भूशिराजवळ करकोचे थेट समुद्रातल्या सुळक्यांवर घरटी बांधतात. वारा असा की ओढणीला तीन पिना लावाव्या लागल्या.

पण कड्याकडे पाठ केली की दुसराच समुद्र दिसतो, पांढऱ्या प्लास्टिकचा. ओदेमिरा तालुक्यात मैलोन्मैल हरितगृहे आहेत. आत रासबेरी, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी. युरोपच्या दुकानांत डबीत मिळणारी ही फळे तोडतात नेपाळी, बांगलादेशी आणि भारतीय हात.

साव तेओतोनियो गावात एका किराणा दुकानावर बंगालीत पाटी दिसली. आत तांदळाची पोती, मसूर, मोहरीचे तेल. सिल्हेटकडचा एक मुलगा तिथे सामान घ्यायला आला होता. वय तेविसेक. हिंदी सिनेमावर शिकलेल्या हिंदीत बोलू लागला. आठ जण एका खोलीत. महिन्याचे किमान वेतन तेव्हा, 2024 मध्ये, कागदावर 820 युरो, पण हाती येताना त्यातून खोलीभाडे, गाडीभाडे आणि ठेकेदाराचे कापून घेतात. प्लास्टिकखाली दुपारी भट्टी. “ईद बुधवारी आली, सुट्टी नव्हती. फज्रनंतर भाड्याच्या गाळ्यात नमाज पढलो आणि तसेच शेडमध्ये गेलो,” तो म्हणाला. घरी आईला मात्र त्याने समुद्राचे फोटो पाठवले होते.

2021 च्या एप्रिलअखेर कोविड वाढला तेव्हा सरकारने याच भागाची नाकेबंदी केली. तेव्हा कुठे देशाच्या लक्षात आले की आपली फळे तोडणारी माणसे कशी कोंबून राहतात. आलेंतेजोला हे नवे नाही. मोठ्या जमीनदारांच्या या प्रदेशात शेतमजूर पिढ्यान्पिढ्या रोजंदारीवर जगले. 1954 मध्ये बेजाजवळच्या बालैझाव गावात कातारीना एउफेमिया ही सव्वीस वर्षांची मजूर बाई कापणीच्या मजुरीत वाढ मागायला पुढे आली आणि पोलिसी गोळीला बळी पडली. तीन मुलांची आई होती ती. 1974 च्या क्रांतीनंतर त्या लोकांचे दिवस बदलले, त्यांची मुले शहरांत गेली. रिकाम्या झालेल्या शेतावर आता आपली मुले आली आहेत.

त्या दुकानाच्या दारात उभी असताना माझी दोन्ही ओझी एकत्र आली. अब्बा आणि त्यांच्यासारखे कितीतरी सज्जन अंदलुसच्या महालांसाठी रडले. पण त्या महालांची सावली जिथे पडली होती, त्याच मातीत आज एक कलमा पढणारा पोरगा राबतो आहे, त्याच्यासाठी कोण रडते? गेलेल्या राज्याची कैफियत ऐकायला आपल्याला वेळ आहे. चालू पगाराची कैफियत ऐकायला आहे का?

आईला काय सांगितले

परत आल्यावर मी विद्यार्थ्याच्या आईला फोटो दाखवले, कड्याचेही आणि प्लास्टिकचेही. जाऊ नको असे मी म्हणाले नाही. तिथे स्वतःची दुकाने उभी केलेली, बायकामुले आणलेली माणसेही पाहिली होती. एवढेच सांगितले की व्याजाचे पैसे काढून आणि टूरिस्ट व्हिसावर पाठवू नकोस. कामाचा करार आणि कामाचाच व्हिसा इथूनच हातात असेल तर जाऊ दे. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. ते त्याच्याकडून नव्हे, आपण स्वतः बघायचे. करारात खोलीभाड्याची कपात किती, हे लिहिलेले हवे.

आणि काही दिवसांतच बातमी आली. टूरिस्ट म्हणून शिरून, काम धरून, तिथेच कागद करून घेण्याची वाट पोर्तुगाल सरकारने जून 2024 मध्ये बंद केली. एजंट मात्र त्यानंतरही तेच आश्वासन देत फिरत होता. दागिने कपाटातच राहिले. मुलाने आयटीआयला नाव घातले. तो अजून माझ्यावर रुसलेला आहे, रस्त्यात भेटला तर खाली मान घालून जातो. त्याचेही चुकत नाही, त्याच्या वयाला समुद्राचाच फोटो दिसतो.

ज्यांना प्रवासाला जायचे असेल त्यांनी आलेंतेजोला जरूर जावे. मार्च ते मे चांगला काळ, पुढे ऊन चाळीस अंशांवर जाते. मेर्तोल्याला एक रात्र तरी राहावे. असोर्दा खाताना बिस्मिल्लाह म्हणावे आणि त्यात डुकराचे काही नाही ना, हे आधी विचारावे. आणि किनाऱ्यावर गेल्यावर एकदा समुद्राकडे पाठ करून उभे राहावे. कुणी सलाम केला तर थांबावे, कुठला, कसा आहेस, पगार वेळेवर मिळतो का, एवढे विचारावे.

‘पगार’ हा शब्द आपल्याला त्यांनीच दिलेला आहे. त्याचा हिशेब विचारायला हरकत नसावी.